व्यवसाय : इतर

१
जून. हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीत प्रवेशाचे दिवस. झेरॉक्सच्या दुकानात कॉलेजच्या ऑनलाइन अर्जासाठी रांग. 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात शेती, नोकरी, मजुरी, व्यापार, इतर. एकच निवडता येतं. एक मुलगी विचारते, "दादा, पप्पा पावसाळ्यात वावर करतात, दिवाळीनंतर कारखान्यावर जातात, मार्चात हळद शिजवायला. काय टाकू?"
"उत्पन्नाच्या दाखल्यावर काय हाय?"
"शेती."
"मग झालं की."

२
'आईचा व्यवसाय : गृहिणी' हे आधीच भरून येतं. आई दुकानाबाहेर उभी. रोजगार बुडवून आलेली.

३
महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना ज्यांची नावं आहेत त्यांचे व्यवसाय, सुचतील तसे.
अमरावती, गाडगेबाबा : गावं झाडणं, कीर्तन. नागपूर, तुकडोजी महाराज : खंजिरी, भजन. जळगाव, बहिणाबाई चौधरी : शेती, घरकाम; लिहिता-वाचता येत नव्हतं. पुणे, सावित्रीबाई फुले : शिक्षिका. सोलापूर, अहिल्यादेवी होळकर : राज्यकारभार. छत्रपती संभाजीनगर, डॉ. आंबेडकर : प्राध्यापक, बॅरिस्टर, संपादक, मंत्री. नांदेड, स्वामी रामानंद तीर्थ : पुढच्या टिपणात.
पीएच.डी. एकाचीच.

४
व्यंकटेश खेडगीकर. जन्म १९०३, सिंदगी, आता कर्नाटकात. कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे सचिव. मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक. १९३२ साली संन्यास. नाव बदलून स्वामी रामानंद तीर्थ. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत काम. १९३८ पासून हैदराबाद स्टेट काँग्रेस, सत्याग्रह, तुरुंग. पुढे दोनदा खासदार, एकदा गुलबर्ग्याहून, एकदा औरंगाबादेहून. हिंगोली, परभणी, नांदेड, लातूर या चार जिल्ह्यांचं विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, त्यांच्या नावानं निघालं.
ही फाइल आज कुठल्याही आस्थापना विभागात गेली तर पहिला शेरा ठरलेला : सेवेत वारंवार खंड. नाव बदलल्याचं राजपत्र जोडलेलं नाही.

५
तासिका तत्त्वावर, म्हणजे 'क्लॉक अवर बेसिस'वर, शिकवणारा एक मित्र. सगळे त्याला 'सीएचबीवाला' म्हणतात, तोही म्हणतो. सोमवार ते बुधवार एका कॉलेजात इतिहास, गुरुवार-शुक्रवार दुसऱ्या. शनिवारी भावाच्या कृषी सेवा केंद्रात गल्ल्यावर. मधल्या फटींत एलआयसी. पानिपत शिकवत होता, अब्दाली यमुना उतरायच्या बेतात होता, तेवढ्यात फोन.
"सर, ते तणनाशक आलं का?"
"उद्या." मग वर्गाकडे वळून : "हां, तर अब्दाली."

६
कॉलेजातला तास ४८ मिनिटांचा. घड्याळाचा ६० चा. पाच तास घेतले की घड्याळी चार भरतात. सीएचबीवाल्यांना हा हिशेब झोपेतही येतो. त्यांत गणिताचे थोडे, मराठी आणि राज्यशास्त्राचेच जास्त.

७
नांदापूर हे कळमनुरी तालुक्यातलं गाव. त्याचं नाव लावणारे डॉ. ना. गो. नांदापूरकर हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या भारतांवर त्यांचा मोठा अभ्यास. निजामाच्या राजधानीत, जिथं विद्यापीठाची शिकवणीच उर्दूत चाले, तिथं बसून मोरोपंत.
त्यांचा भाचा नरहर कुरुंदकर, जन्म नांदापूरचाच, १५ जुलै १९३२. शिकायला हैदराबादला मामाकडे गेला. इंटरला नापास झाला, पुन्हा झाला. अभ्यासाच्या पुस्तकांखेरीज बाकी सगळी पुस्तकं वाचत होता. नांदेडला येऊन प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर झाला. पदव्या मागाहून, सवडीनं घेतल्या. हाती पदवी नसताना एम.ए.ची मुलं शंका घेऊन त्याच्याकडे येत, असं नांदेडात अजून सांगतात. मग पीपल्स कॉलेजात मराठीचा प्राध्यापक, आणि शेवटी तिथलाच प्राचार्य. मनुस्मृती, नाट्यशास्त्र, शिवाजी महाराज, संगीत, हैदराबादचा लढा. विषय कुठल्याही एका विभागात बसणारे नाहीत. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादेत, सभेच्या व्यासपीठावरच गेला.
मामा उस्मानियात प्राध्यापक, भाचा इंटरला नापास. पीएच.ड्या भाच्यावर झाल्या.

८
नांदापूरच्या रस्त्यावर एका मोटरसायकलवाल्याला विचारलं, कुरुंदकरांचं घर कुठं होतं.
"कुरुंदा तिकडं वसमतकडं पडते. तुमी उलटं आले."

९
त्याच तालुक्यातलं रूपूर. फ. मुं. शिंदे तिथले, जन्म १९४८. मराठीचे प्राध्यापक, कवी, २०१४ साली सासवडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. एवढ्याशा तालुक्यात मराठीच्या प्राध्यापकांचं पीक जोरात आलेलं दिसतं. सध्या भाव पडलेला आहे.

१०
एका कॉलेजातला शिपाई एम.ए., बी.एड. वरच्या टेबलावरचा लिपिक बी.कॉम. दोघांनाही ते माहीत आहे. घंटेनंतर शिपाई वर्गांवरून चक्कर मारतो. सर आले नसतील तर दारात उभा राहून पोरांना सांगतो, "गप बसा, मागचं वाचा." एकदा कुणीतरी मागचं काय ते विचारलं. त्यानं सांगितलं. दहा मिनिटं सांगत होता.

११
राज्यातली निवृत्तीची वयं : लिपिक ५८, शिपाई ६०, प्राध्यापक ६०. सीएचबीवाल्याला निवृत्ती नाही. त्याची नेमणूक दरवर्षी संपते.

१२
लग्नाचा बायोडेटा. 'नोकरी : प्राध्यापक'. मुलीच्या मामाचा एकच प्रश्न, "पर्मनंट का?" बायोडेटात पुढे 'शेती : ४ एकर बागायत' होतं. बैठक त्या ओळीवर तरली.

१३
युजीसीनं २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नावाची नवी वाट उघडली. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षं मुरलेला माणूस विद्यापीठात शिकवू शकतो. पीएच.डी. नको, नेट नको. एकूण मंजूर जागांच्या १० टक्क्यांपर्यंत. जास्तीत जास्त चार वर्षं. क्षेत्रांच्या यादीत इंजिनिअरिंग, उद्योग, कायदा, लष्कर, प्रशासन, पत्रकारिता, कला असं बरंच काही.
यादी वाचल्यावर गावातून एक चक्कर मारली.

१४
मोटार रिवाइंडिंगचं दुकान. म्हणजे एक शटर, आत अंधार, बाहेर उन्हात उघडे पडलेले पंप. मालक साठीचा. पुढ्यात जळालेला मोनोब्लॉक. छिन्नीनं काळ्या पडलेल्या तारा एका बाजूनं छाटल्या, दुसरीकडून पकडीनं उपसल्या. फेकल्या नाहीत. एक गुंडी घेऊन एकेक वेढा मोजला, ओठ हलवत. मग तारेचं टोक घासून मायक्रोमीटरला लावलं. मग वही.
वहीत पंपाची कंपनी, हॉर्सपॉवर, खाचा किती, वेढे किती, तार किती गेजची, आणि शेवटी शेरा : 'गरम होतो', 'बरोबर', 'पुन्हा आला'. कंपन्या बदलल्या, काही बंद पडल्या, त्यांचे आकडे या वहीत आहेत. वहीची सुरुवातीची पानं उर्दूत. "अब्बांची. ते वाचता येत नाहीत मला नीट, पण आकडे येतात."
आयटीआयची पोरं इथं येतात का? "येतात. चार दिवस बसतात. पाचव्या दिवशी म्हणतात, चाचा, वहीचा फोटो काढू का?"
काढू देता?
"देतो. फोटोनं काय होतंय? शेरा कसा लिवायचा ते फोटोत नाय."
प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसचं सांगितलं. त्यांनी विचारलं, तास किती वाजता असतो. सकाळी, म्हटल्यावर म्हणाले, सकाळीच पंप येतात.

१५
उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं. देशी भाषेतून, म्हणजे उर्दूतून, उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग. मराठवाड्यातला मुलगा घरी मराठी, शाळेत उर्दू, कोर्टात उर्दू. मराठवाड्याचं स्वतःचं विद्यापीठ निघायला १९५८ उजाडलं. न्या. पालनीटकर समितीनं शिफारस केली. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी मुंबईहून आले. मुंबई विद्यापीठाचं रजिस्ट्रारपण करून आलेला माणूस. आधी फाइली, मग विद्यापीठ.

१६
आणखी काही पहिले कुलगुरू आणि त्यांचं मूळ काम. नागपूर, १९२३ : सर बिपिनकृष्ण बोस, वकील. पुणे, १९४९ : मु. रा. जयकर, बॅरिस्टर. नांदेड, १९९४ : जनार्दन वाघमारे, इंग्रजीचे प्राध्यापक, लातूरच्या शाहू कॉलेजचे प्राचार्य. वाघमारे सर नंतर लातूरचे नगराध्यक्ष झाले, मग राज्यसभेत गेले. कुलगुरूपदानंतर नळ, गटार आणि दिवाबत्ती. उलट्या क्रमानं जाणारे जास्त आढळतात.

१७
सप्टेंबर २०२३. न्या. संदीप शिंदे समिती. मराठा आरक्षणासाठी मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधायच्या. कागद मोडीत आणि उर्दूत. सरकारी कचेऱ्यांना अचानक मोडी वाचणारे हवे झाले. उर्दूचे जुने मास्तर, ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं कोणी फिरकलं नव्हतं, त्यांच्या ओट्यावर चपला दिसू लागल्या. एक मुलगा, इतिहासात एम.ए., 'वेळ जावा म्हणून' मोडीचा कोर्स केलेला. गावात त्याला आता 'मोडीवाला' म्हणतात. तो सांगतो, "आमच्या सरांना कुठं येतेय मोडी?"
सर शेजारीच होते. "नाय येत," म्हणाले.

१८
उन्हाळी परीक्षा आणि हळदीचा हंगाम एकाच वेळी. पर्यवेक्षकाच्या खुर्चीवरून स्पष्ट दिसतं. हळद खणायची, गड्डा वेगळा, कांडी वेगळी. कुकरमध्ये वाफवायची, दहा-पंधरा दिवस वाळवायची, मग ढोलात घालून पॉलिश. पॉलिशच्या दिवशी पापण्यासुद्धा पिवळ्या होतात. बोटांवरचा रंग आठवडाभर साबणाला दाद देत नाही, आणि नखांच्या कडा त्यानंतरही नारिंगी राहतात.
एका उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यावर पिवळा अंगठा उमटला होता. पर्यवेक्षक नवीन, बाहेरच्या जिल्ह्यातला. उत्तरपत्रिकेवर ओळखीची खूण केली तर कारवाई होते, हा नियम त्याला पाठ.
"ही कसली खूण?"
मुलानं दोन्ही हात पुढे केले. मागच्या बाकावरच्यानंही केले. मग त्या ओळीतल्या सगळ्यांनी.

१९
कळमनुरीचा पालक, कॉलेजच्या पालक मेळाव्यात, माइकवर : "आमच्या पोराला शिकवा, पण इतकंबी नको की वावरात यायची लाज वाटंल." टाळ्या. पुढचा पालक : "आमच्याला एवढं शिकवा की वावरात यायची पाळी येऊ नये." जास्त टाळ्या. दोघे सख्खे भाऊ. वावराची वाटणी झालेली.

२०
नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना 'ऑन जॉब ट्रेनिंग'. इथं 'ओजेटी'. कुठंतरी काम करायचं, मालकाचं पत्र आणायचं, क्रेडिट घ्यायचं.
बी.कॉम.चा एक मुलगा मोंढ्यात एका अडतीवर दहावीपासून हिशेब लिहितो. पट्ट्या करतो, हमाली कापतो, शेतकऱ्याशी भावावरून भांडतोही. त्यानं मालकाकडं पत्र मागितलं. मालक म्हणाला, "लेखी कायबी देत नसतो. उद्या म्हणशील पगारपत्रक द्या." मुलानं मग मित्राच्या मामाच्या कॉम्प्युटर क्लासचं पत्र आणलं. त्या क्लासला तो एकदाच गेला, पत्र आणायला.
क्रेडिट मिळालं. शेरा : समाधानकारक.

२१
भाऊराव पाटील एके काळी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरत. त्यांची रयत शिक्षण संस्था १९१९ ची. त्यांच्या 'कमवा आणि शिका'चं नाव आज विद्यापीठांच्या योजनेला आहे. योजनेत मुलं झाडांना पाणी घालतात, ग्रंथालयात पुस्तकं लावतात. योजनेबाहेरची मुलं रात्री ढाब्यावर वाढतात. कमवा आणि शिका दोन्हीकडे. अर्ज फक्त पहिल्यात भरावा लागतो.

२२
माजी विद्यार्थ्यांचं रजिस्टर, नॅकसाठी तयार केलेलं. 'सध्याचा व्यवसाय' हा रकाना वरून खाली : शेती, शेती, पोलीस, शेती, किराणा, शेती, सीएचबी, गृहिणी, गृहिणी, शेती, आर्मी, शेती.
एकानं लिहिलंय : पुणे.
त्याच्याखालच्यानं : वरीलप्रमाणे.

२३
तलाठी भरती, २०२३. जागा ४,६४४. अर्ज दहा लाखांच्या वर. पात्रता : कुठलीही पदवी.

२४
कुणाच्या वावरात काय पेरलंय हे लिहून ठेवणं तलाठ्याचं जुनं काम. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. आता ती नोंद शेतकऱ्यानं स्वतःच्या मोबाइलवर करायची. इथल्या बऱ्याच घरांत ती नोंद तलाठीपदाचा अभ्यास करणारा मुलगा करून देतो. रेंज मिळावी म्हणून बांधावर, हात उंच करून.

२५
पहाटे पाच. मैदानावर १,६०० मीटर. पोलीस शिपाई व्हायला बारावी पुरते. पळणाऱ्यांत एम.ए. आहेत, एक बी.ई. आहे, एक डी.फार्म. झालेला आहे. मुली ८०० मीटर पळून बाजूला उठाबशा काढतायत. स्टॉपवॉच धरून ओरडणारा स्वतः वयात बाद झालेला. एका मार्कानं हुकला होता, असं सगळे सांगतात. आता तो 'अकॅडमी' चालवतो. त्याची फी कॉलेजच्या वर्षाच्या फीपेक्षा जास्त आहे, आणि हजेरी पूर्ण असते.

२६
पहिल्या तासाला याच मुलांच्या डुलक्या. सर उठवत नाहीत. सरही सकाळी धावायचे.

२७
यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक, १९८९. पहिले कुलगुरू राम ताकवले, मूळ विषय पदार्थविज्ञान. ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. इकडे ती रविवारी येते, अभ्यासकेंद्रात, दुसऱ्या कॉलेजच्या बाकांवर.
बाकांवर कोण : हवालदार, अंगणवाडीच्या दोन ताई, एसटीचा वाहक, होमगार्ड, पिठाच्या गिरणीवाला, बांधकामावरचा गुत्तेदार, एका गावच्या सरपंचबाई. शिकवणारा पोरगा या सगळ्यांत लहान. विषय लोकप्रशासन. फळ्यावर ग्रामपंचायतीची रचना काढतोय. ग्रामसभा वर्षातून किती वेळा, कोरम किती.
सरपंचबाई वहीत उतरवून घेतायत. वाहक मागून म्हणतो, "मॅडम, तुमच्याकडं होतो का हो कोरम?"
"परीक्षेत इचारणार हायत का?"
"नाय."
"मग राहू द्या."

२८
पैनगंगेवरचं इसापूर धरण. जलाशयात वावरं गेली त्यांच्या हाती एक कागद आला : प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्र. सरकारी नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण. कागद घराला एक. जमीन आजोबांची गेली, फायदा एका नातवानं घ्यायचा, आणि नातू तीन. थोरला बी.ए., मधला डी.एड., धाकटा अजून अकरावीत. थोरला म्हणतो वय चाललंय. मधला म्हणतो पात्रता माझीच. धाकटा काही म्हणत नाही; त्याची आई म्हणते.
कागद आजीच्या ट्रंकेत. तिन्ही सुना आजीला चहा नेऊन देतात.

२९
एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय कळमनुरीत आहे. त्यामुळं तालुक्याच्या गावाच्या मानानं इथं वसतिगृहातली मुलं बरीच दिसतात, बहुतेक आंध समाजाची. एका खोलीत चार मुलं. भिंतीवर चार वेळापत्रकं : बी.ए., नर्सिंग, वनरक्षक भरती, आणि चौथं 'भाजी कोणी करायची'. शेवटचं काटेकोर पाळलं जातं.

३०
औंढ्याजवळ दुधाळा. लायगो-इंडियाची जागा. २०१६ साली तत्त्वतः मंजुरी, २०२३ साली अंतिम. सुमारे २,६०० कोटी. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत निर्वात नळ्या, आणि कोट्यवधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं आदळली की त्या भुजांच्या लांबीत अणूच्या गाभ्याहूनही कमी पडणारा फरक मोजायचा.
कॉलेजात पाहुण्यानं हे सगळं तासभर सांगितलं. छान सांगितलं. मग प्रश्नोत्तरं.
"सर, तिथं ड्रायव्हर लागतील का?"
पाहुणे क्षणभर थांबले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, लागतील. बांधकाम जवळून गेलं तरी यंत्र हलतं, तेव्हा गाड्या हळू चालवणारे लागतील.
मुलगा म्हणाला, "मग अवघड हाय."

३१
नरसी नामदेव हिंगोलीजवळच. नामदेव शिंपी. जन्म १२७०. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. नावाची अध्यासनं आहेत. अध्यासनावर बसायला जी पात्रता लागते तीत शिवणकाम येत नाही.

३२
ग्रंथालयातला परिचर. निवांत माणूस. वाचन अफाट, मुख्यत्वे बाड बांधायच्या आधी एकदा चाळायचं म्हणून. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात हे यादीत नाही, त्याच्या डोक्यात आहे. तो रजेवर गेला की संशोधन थांबतं. मागच्या रजेत ग्रंथपालांनी त्याला फोन करून विचारलं, 'शेतकऱ्याचा असूड' कुठं आहे.
"शेतीत नका बघू. कोणीतरी पशुपालनात लावलंय."

३३
सहायक प्राध्यापकांच्या २,०८८ जागा भरायला २०२१ साली राज्य सरकारनं परवानगी दिली. नेट-सेट झालेल्यांना हा आकडा स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ आहे. सेट परीक्षा १९९५ पासून पुणे विद्यापीठ घेतं. एका घरात बापही सेट, मुलगीही सेट. बाप अजून सीएचबी. मुलीनं विषय वेगळा घेतला, स्पर्धा नको म्हणून.

३४
विष्णुपुरीला, नांदेडच्या विद्यापीठात, गुणपत्रिकेवरचं नाव दुरुस्त करायला आलेले एक आजोबा. नातवाचं काम. खिडकीतली बाई विचारते, "विद्यार्थी कुठंय?"
"कामावर."
"काय करतो?"
आजोबा जरा विचार करतात. "शिकतो."

३५
जुलै. तासिका तत्त्वावरच्या मुलाखती. जाहिरातीत नेहमीची ओळ : उमेदवारांनी मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने उपस्थित राहावे. व्हरांड्यात बाक. मराठीची एक जागा. बाकावर फाइली मांडीवर घेतलेली माणसं. कुणाच्या फाइलीला रबर, कुणाच्या पिशवीवर खतकंपनीचं नाव. एक पंचेचाळिशीचा, एक तिशीचा. तिशीचा उठून उभा राहिला.
"सर, तुम्ही?"
"बस रे. तू कधी झालास सेट?"
"मागच्या वर्षी. तुमच्याच नोट्स होत्या."
"त्या जुन्या? अभ्यासक्रम बदललाय की."
"तुम्ही आधी जा, सर."
"नंबरानं बोलावतेत. तुझा कितवा?"
"चौथा."
"माझा पाचवा."
शिपायानं दार उघडलं आणि नाव पुकारलं. यादीत नसलेलंच एक. आत एक बाई उठल्या. त्या आधीपासूनच आत होत्या.